कोपऱ्यातील त्रिज्या

तंजावरला जाणारा मराठी माणूस बृहदीश्वराच्या प्राकारात शिरला म्हणजे त्याची नजर आपसूक आपल्या भाषेतील अक्षरांचा शोध घेऊ लागते, आणि ती अक्षरे त्याला सापडतातही. कारण दुसऱ्या सरफोजी राजांच्या आज्ञेने १८०३ साली भोसले कुळाचा विस्तृत वृत्तांत या देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरविण्यात आला, आणि महाराष्ट्रापासून इतक्या दूर, कावेरीच्या भातखाचरांच्या मुलखात, दगडावर उमटलेली आपली भाषा वाचताना ज्याचे मन भरून येत नाही असा मराठी वाचक विरळा. मीही ती अक्षरे वाचीत बराच वेळ उभा होतो. परंतु माझ्यासमवेत आलेले स्नेही, जे तंजावरी मराठी घराण्यातील असून तेथून जवळच्याच एका विद्यापीठात यंत्ररचनाशास्त्राचे अध्यापन करतात, त्यांचे मन निराळ्याच एका नोंदीत गुंतलेले होते. हे देऊळ राजराज चोळाच्या कारकिर्दीत १०१० साली पुरे झाले. त्याच्या भिंतींवरील तमिळ लेखांत देणग्या, दागिने, दिवे, नर्तकी, सेवेकरी अशा असंख्य बाबींची नोंद एखाद्या चोख दप्तरासारखी केलेली आहे, आणि त्याच नोंदींत हे साठ मीटरांहून उंच विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचे शिखर, ज्याने रचले त्या स्थपतीचे नावही आलेले आहे : वीरचोळन कुंजरमल्लन, ऊर्फ राजराज पेरुंतच्चन. 'तच्चन' म्हणजे सुतार आणि 'पेरुंतच्चन' म्हणजे थोर सुतार. आपला मराठी 'सुतार'ही मूळचा 'सूत्रधार'च, हातात मापाचे सूत धरणारा. तेव्हा दोन्ही भाषांनी या विद्येचा मान एकाच कारागिराकडे दिला आहे असे म्हणावयास हरकत नाही.

माझे स्नेही दरवर्षी यंत्ररचनेच्या पहिल्या तासाला फळ्यावर हे नाव लिहितात. मग ते आरेखनाचा एक कोरा कागद भिंतीला लावतात आणि त्याच्या उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यातील चौकटीकडे बोट करतात. त्या चौकटीत भागाचे नाव, प्रमाण, धातू आणि तारीख यांच्याबरोबर तीन रिकाम्या जागा असतात : रचना कोणाची, आरेखन कोणाचे आणि तपासणी कोणाची. वर्षअखेर या चौकटीत तुमचे नाव येईल, असे ते मुलांना सांगतात, आणि त्या नावाखालचे यंत्र मोडले तर प्रथम हा कोपरा पाहिला जाईल, हेही सांगतात. त्यांच्या या वर्गात मागच्या बाकावर बसून काही दिवस काढण्याचा योग मला आला. मी स्वतः आयुष्यातील बरीच वर्षे हाच विषय महाराष्ट्रात शिकवण्यात घालविली असल्यामुळे तेथे जे पाहिले ते सामान्य वाचकांपुढे ठेवावे, अशी इच्छा तेव्हापासून मनात होती.

यंत्ररचना म्हणजे नेमके काय, हे प्रथम सांगितले पाहिजे. इंग्रजीतील 'डिझाइन' हा शब्द आता घरोघर रुळला असून साडीच्या काठापासून संगणकाच्या पडद्यापर्यंत तो सर्वत्र चालतो. त्यामुळे त्याचा अर्थ 'दिसावयास सुंदर करणे' इतकाच आहे असा पुष्कळांचा समज होऊन बसला आहे. महाराष्ट्राच्या सरकारी परिभाषेने मात्र येथे फार मोठे काम करून ठेवले आहे. बांधकाम आणि पाटबंधारे खात्यांत या कामास 'संकल्पचित्र' म्हणतात, आणि नाशिकच्या 'मध्यवर्ती संकल्पचित्र संघटने'च्या नावात हा शब्द आजही नांदतो आहे. धार्मिक कृत्याच्या आरंभी पाणी सोडून आपण जो उच्चारतो तो संकल्प. म्हणजे स्थळ, काळ आणि आपले नाव सांगून केलेला निश्चय. यंत्र रचणारा माणूसही नेमके तेच करीत असतो. अमुक जागी, अमुक भारासाठी, अमुक आयुष्यासाठी हा भाग अमुक धातूचा व अमुक जाडीचा असेल, असा निश्चय तो करतो, त्याखाली नाव लिहितो आणि तो कागद अशा एका कारागिराकडे पाठवितो की ज्याची व त्याची गाठ बहुधा कधीच पडणार नाही.

अभियांत्रिकीच्या चार वर्षांत विद्यार्थी गणित शिकतो, पदार्थांचे बल शिकतो, उष्णता आणि द्रव यांचे नियम शिकतो, आणि या सर्व विषयांत प्रश्नाला एक उत्तर असते व ते पुस्तकाच्या शेवटी छापलेले असते. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास तो यंत्ररचनेच्या वर्गात येतो आणि त्याच्या पायाखालची जमीन हलते. येथे प्रश्नच अपुरा दिलेला असतो. भार अंदाजाने धरावा लागतो, धातू आपण निवडावयाचा असतो, सुरक्षेसाठी बलाची किती पट शिल्लक ठेवावयाची हे आपणच ठरवावयाचे असते, आणि साठ विद्यार्थ्यांची साठ उत्तरे निरनिराळी असूनही त्यांतील चाळीस बरोबर असू शकतात. लिफ्टच्या दोराला अपेक्षित ओझ्याच्या दहाबारा पट बल देतात; विमानाच्या सांगाड्याला मात्र साधारण दीडपटच देतात, कारण तेथे जास्तीचा प्रत्येक किलो आकाशात उचलून न्यावा लागतो आणि म्हणून त्या दीडपटीच्या मागे तपासणीची आणि चाचण्यांची फौज उभी करावी लागते. हे अंक तोंडपाठ करणे सोपे आहे. दोहोंत फरक का, याचे कारण स्वतःच्या बुद्धीने शोधावयास लावणे ही या विषयाची खरी शिकवण, आणि ती फळ्यावर लिहून देता येत नाही.

आज तंजावरच्या परिसरात ही विद्या शिकविणाऱ्या मोठ्या संस्था आहेत. तंजावरहून तिरुचिरापल्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिरुमलैसमुद्रम येथे १९८४ साली षण्मुग अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि २००१ मध्ये त्यास अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तेच आजचे 'शास्त्र' विद्यापीठ. त्याच रस्त्याच्या बाजूस वल्लम येथे १९८८ मध्ये पेरियार मणियम्मै यांच्या नावाने केवळ मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय काढण्यात आले, ही गोष्ट त्या काळाचा विचार करता लहान नव्हे. हाच रस्ता पुढे तिरुवेरुंबूरला जातो, जेथे १९६५ पासून भारत हेवी इलेक्ट्रिकल्सचा उच्च दाबाच्या बाष्पित्रांचा कारखाना आहे. म्हणजे पन्नासएक किलोमीटरांच्या एकाच पट्टीवर हजार वर्षांपूर्वीचे देवळाचे विमान, आजचे वर्ग आणि विजेच्या केंद्रांसाठी प्रचंड बाष्पित्रे घडविणारा कारखाना उभे आहेत. विद्यार्थ्याला पाहावयास एवढे साहित्य सहसा कोठे मिळत नाही.

मी वर्गात बसू लागलो त्याच्या दुसऱ्या दिवशी स्नेह्यांनी एक बाहुली आणली. तंजावरची डोलणारी बाहुली, तमिळात 'तलैयाट्टी बोम्मै', महाराष्ट्रातही पुष्कळांनी पाहिली असेल : खाली गोल, जड बूड, वर कागदाच्या लगद्याचे हलके अंग, तांबडा-पिवळा रंग आणि मिशाळ राजाचा किंवा राणीचा चेहरा. तिला आडवी पाडली तरी ती उठून उभी राहते. स्नेह्यांनी ती टेबलावर ठेवून बोटाने ढकलली आणि ती का उठते असे विचारले. एका विद्यार्थ्याने तत्काळ उत्तर दिले की तिचा गुरुत्वमध्य खाली आहे. किती खाली, असे त्यांनी विचारताच वर्ग स्तब्ध झाला.

मग त्यांनी बुडाचा गोल फळ्यावर काढला आणि त्या गोलाचे केंद्र दाखविले. गुरुत्वमध्य या केंद्राच्या खाली असला म्हणजे पुरे. बाहुली कलली की टेबलाशी तिचा स्पर्शबिंदू सरकतो, वजनाची रेषा त्याच्या आतल्या बाजूने जाते आणि वजनच तिला परत उभी करते. गुरुत्वमध्य केंद्राच्या वर गेला तर तेच वजन तिला पाडते. येथवर पदार्थविज्ञान संपले. यानंतर त्यांनी पेटीतून दुसरी बाहुली काढली, जी विद्यार्थ्यांनीच आदल्या वर्षी बनविली होती व जिच्या बुडात त्यांनी शिसे ठासून भरले होते. तीही उठत होती. पण ताडकन उठत होती, आणि चटचट थरथरून लगेच थांबत होती. कारागिराची बाहुली सावकाश, दरबारात मान डोलावणाऱ्या माणसासारखी झुलत होती. गुरुत्वमध्य केंद्राच्या जितका अधिक खाली, तितके परतण्याचे बळ अधिक आणि झोका तितका तुटक. केंद्राच्या अगदी जवळ, पण खालीच ठेवला, तर झोका लांब व संथ. मात्र फार जवळ नेला तर रंगाचा एखादा जाडसर हात, पगडीला लागलेला थोडा अधिक लगदा, एवढ्यानेही तोल बिघडून बाहुली पडूनच राहील. बूड भरणाऱ्या कारागिराला हे समीकरण ठाऊक नसते, परंतु माती किती घ्यावयाची हे त्याच्या तळहाताला ठाऊक असते. आणि त्याने तो मातीचा गोळा असा धरलेला असतो की बाहुली डोलावी सुंदर आणि पडू मात्र नये. स्थैर्य आणि डौल या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत, दोन्ही पुऱ्या करता येत नाहीत, तरी दोहोंना न्याय मिळेल असा एक बिंदू शोधून त्यावर थांबावयाचे असते. त्या थांबण्याला संकल्प म्हणतात, असे ते म्हणाले आणि तास संपला. माझ्या सर्व अध्यापनकाळात हा विषय इतक्या स्वच्छपणे मला कधी मांडता आला नव्हता.

वस्तू हातात देऊन विद्या शिकविण्याची रीत तंजावरला नवी नाही. सरफोजी राजांच्या हातून १७९९ च्या तहाने राज्यकारभार गेला आणि त्यांच्याकडे किल्ला, तनखा व मान एवढेच उरले. परंतु ख्रिस्तियन श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढलेल्या या राजाने उरलेल्या आयुष्याची सर्व उमेद विद्येकडे वळविली. सरस्वती महाल ग्रंथालयाची त्यांनी केलेली वाढ सर्वांस ठाऊक आहे. त्यांनी 'नवविद्याकलानिधी' नावाची पाठशाळा चालविली, १८०५ मध्ये देवनागरी छापखाना काढला, आणि पृथ्वीवरील खंडांचे व देशांचे वर्णन मुलांच्या व स्त्रियांच्या कानी गाण्यातून पडावे म्हणून 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक रचले. राजवाड्यातील त्यांच्या दालनांत पुस्तकांच्या शेजारी वायुपंप, विद्युद्यंत्र आणि खगोलीय उपकरणे मांडलेली असत. मराठी राज्यव्यवस्थेत 'अठरा कारखाने' ही जुनी संज्ञा आहे. जामदारखाना, रथखाना, तोफखाना अशा खात्यांना ती लावीत. सरफोजींनी त्या मालिकेत जणू विद्येचा एक कारखाना वाढविला. त्यांच्या मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी, १८५५ मध्ये, संस्थान खालसा झाले आणि या कारखान्याचा धागा तुटला, ही गोष्ट मला अजूनही चुटपूट लावून जाते. कारण हातातील उपकरण आणि पुढ्यातील ग्रंथ यांची जी सांगड त्या वाड्यात बसू लागली होती, ती पुढे इंग्रजी अमदानीतील शिक्षणात फार उशिरा व फार थोडी दिसली.

पुण्याला १८५४ साली अभियांत्रिकीचा वर्ग निघाला तो मुख्यतः सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालची माणसे पुरविण्यासाठी. मुंबईची व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १८८७ सालची. या संस्थेत यंत्रांचे आरेखन शिकविणाऱ्या एका मराठी शिक्षकाची हकिगत मात्र येथे सांगितलीच पाहिजे. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार होण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, तेथे त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतील भेद कळत नाही असे आढळून आले आणि चित्रकलेचा मार्ग बंद झाला. यंत्राच्या आरेखनात रंग लागत नाही, रेषा लागते. ते आरेखनाकडे वळले आणि त्याच विषयाचे शिक्षक झाले. बढतीच्या वेळी डावलले गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली, भावाबरोबर बेळगावात सायकलींचे दुकान चालविले, लोखंडी नांगर तयार केला आणि १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. आरेखन शिकविणारा माणूस स्वतः ओतशाळेत उभा राहिला तेव्हा काय घडू शकते, याचे याहून मोठे उदाहरण मराठी मुलखात नाही. नांगर घेणाऱ्या शेतकऱ्याचा हात त्यांनी पाहिला होता, आणि तो ओतणाऱ्या कारागिराचाही.

तंजावरच्या वर्गात आणखी एक मराठी दुवा मला भेटला. विद्यार्थ्यांच्या बाकांवर दोन पुस्तके सारखी दिसत. एक कोइमतूरच्या पी. एस. जी. महाविद्यालयाचे 'डिझाइन डेटा', ज्यात धातूंची बले, धाग्यांची मापे, दातेरी चाकांची कोष्टके यांशिवाय काही नाही आणि जे तामिळनाडूत परीक्षेच्या दालनातही उघडून पाहण्याची मुभा असते. दुसरे पुण्याच्या विश्वकर्मा संस्थेत अध्यापन केलेल्या व्ही. बी. भंडारी यांचे यंत्रभागांच्या रचनेवरील जाडजूड इंग्रजी पुस्तक. पुण्याच्या एका शिक्षकाची शिकवण कावेरीकाठी इतक्या मुलांच्या हाती पाहून मला जो आनंद झाला तो देवळातल्या देवनागरीने झालेल्या आनंदाच्याच जातीचा होता. उघड्या पुस्तकाने परीक्षा द्यावयाची हे ऐकून इतर विषयांचे लोक चकित होतात. परंतु कोष्टक पाठ असण्यात काही पुरुषार्थ नाही. कोणते कोष्टक केव्हा उघडावे आणि त्यातील कोणत्या ओळीवर बोट ठेवावे, हीच परीक्षा.

मी तेथे असताना तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना दिलेले काम असे होते. भातगिरणीत धान्य वरच्या मजल्यावर चढविण्यासाठी एक उभा पट्टा असतो; त्याला लहान लहान डबे लावलेले असतात, आणि तो वरच्या टोकाला एका फिरत्या शाफ्टवरील चाकावरून वळतो. तो शाफ्ट रचावयाचा. तंजावर जिल्हा हे भाताचे कोठार असल्याने हे उपकरण मुलांनी पाहिलेले होते, निदान पाहावयास सायकलवरून जाण्याइतके जवळ होते. एका मुलीने सर्व हिशेब बिनचूक केला आणि शाफ्टचा व्यास ३७ मिलिमीटर व वर काही दशांश असा काढला. तो आकडा तिने तसाच कागदावर घातला. स्नेह्यांनी तिला बाजारात जाऊन त्या भोकाचे बेअरिंग, म्हणजे शाफ्टला आधार देऊन फिरू देणारा भाग, घेऊन येण्यास सांगितले. ती संध्याकाळी परतली ती रिकाम्या हातांनी, आणि बरेच काही शिकून. या मापांत बेअरिंगचे भोक पाचपाच मिलिमीटरांनी वाढते : ३५, ४०, ४५. बेअरिंगवर कोरलेल्या क्रमांकाच्या शेवटच्या दोन अंकांना पाचने गुणले की भोकाचे माप मिळते. ६२०८ म्हणजे आठ पंचे चाळीस. दुकानदाराने तिला हे काउंटरवर उभ्या उभ्या सांगितले होते. व्यास ४० मिलिमीटर ठरला.

दुसऱ्या कागदावर दुसरी चूक होती, आणि ती या विषयातील नवशिक्याची हमखास चूक होय. बेअरिंग जागचे हलू नये म्हणून तिने शाफ्टवर त्याच्या दोन्ही बाजूंना जाड कडे काढले होते. चित्र मोठे नेटके होते. ते बेअरिंग आत कोणत्या वाटेने गेले, एवढेच तिला विचारण्यात आले. तिने चित्राकडे पाहिले, पेन्सिल खाली ठेवली, आणि काही वेळाने तिच्या मुद्रेवर जो प्रकाश पडला तो ज्याने शिकविण्याचा व्यवसाय केला आहे तोच ओळखू शकेल. कागदावर सर्व भाग एकाच क्षणी आपापल्या जागी असतात. वर्कशॉपमध्ये ते एकामागून एक येतात, आणि प्रत्येकाला येण्यासाठी वाट लागते. तिने एका बाजूचे कडे पुसले व तेथे काढघाल करता येईल असे वेगळे नट दाखविले.

मधल्या रविवारी आम्ही कुंभकोणमजवळच्या स्वामिमलैला गेलो. तेथील स्थपती मेणाची मूर्ती करून तिच्यावर कावेरीच्या मातीचा लेप देतात, तापवून मेण वाहू देतात आणि रिकाम्या पोकळीत वितळलेला धातू ओततात. मूर्तीच्या मापांसाठी मोजपट्टी कोठे दिसली नाही. नारळाच्या झावळीची एक पट्टी मूर्तीच्या उंचीइतकी कापतात, शास्त्रात सांगितलेल्या प्रमाणांनुसार तिच्या घड्या घालतात, आणि त्या घड्यांवरून चेहरा, छाती, गुडघे यांच्या जागा ठरवितात. उंची किती इंच, हा प्रश्नच तेथे गैरलागू. सर्व काही आपसांतल्या प्रमाणात. ती मुलगीही बरोबर होती, आणि तिला त्या पट्टीने भारून टाकले. परंतु परतताना स्नेह्यांनी तिचे लक्ष एका भेदाकडे वेधले, जो मला अत्यंत महत्त्वाचा वाटतो. त्या मूर्तीतील प्रत्येक भाग एकाच हाताने, एकाच पट्टीवरून घडविला जातो. म्हणून प्रमाण पुरते. आमचा शाफ्ट एका गावी होतो आणि बेअरिंग दुसऱ्या देशातून येते; दोन्ही घडविणारे एकमेकांना ओळखत नाहीत. तेव्हा ४० मिलिमीटर एवढे लिहून भागत नाही. शाफ्ट नेमक्या चाळीसापेक्षा निदान २ व फार तर १८ मायक्रॉन मोठा असावा, असे लिहावे लागते. आपल्या डोक्याच्या एका केसाची जाडी याच्या कितीतरी पट असते. त्या मर्यादेत राहिला तर बेअरिंग किंचित तापवून सरकविले की गच्च बसते व शाफ्टवर फिरत नाही. त्याबाहेर गेला तर एक तर सैल पडते, नाहीतर चढताना तडकते. परक्या माणसावर विश्वास टाकावयाचा तर तो असा आकड्यांत लिहून द्यावा लागतो.

आता राहिला कोपरा. बेअरिंग ज्यावर टेकते तो शाफ्टचा खांदा. तेथे ४० मिलिमीटरांचा भाग संपतो आणि ४८ चा सुरू होतो. त्या काटकोनात धोका दडलेला असतो. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली, आणि पन्नासाहून अधिक माणसे मेली. त्यांत दक्षिण ध्रुवाकडील समुद्र धुंडाळून आलेला द्यूमाँ द्युरव्हील हा दर्यावर्दी बायकोमुलासह होता. आस दिसावयास धडधाकट होता. रँकिन या तरुण अभियंत्याने अशा मोडलेल्या आसांचे निरीक्षण करून दाखविले की चीर व्यास बदलतो त्या कोपऱ्यातून सुरू होऊन हळूहळू आत जाते. आणि पुढे जर्मनीत आउगुस्ट व्होलर या रेल्वेच्या अधिकाऱ्याने भार लावलेले आस वर्षानुवर्षे फिरवीत ठेवून त्याचे नियम शोधले. फिरत्या शाफ्टचा प्रत्येक कण एका फेऱ्यात एकदा ताणला जातो व एकदा दाबला जातो. मिनिटाला शंभर फेरे धरले तर आठ तासांच्या एका दिवसात ४८,००० वेळा, आणि तीन आठवड्यांत दहा लाखांच्या वर. एकदा वाकवून न मोडणारी तार पुन्हापुन्हा वाकविल्याने मोडते, हे लहान मूलही जाणते. म्हणून कोपरा धारदार ठेवू नये, त्याला गोलाई द्यावी. गोलाईची त्रिज्या जितकी मोठी तितका शाफ्ट दीर्घायुषी.

त्या मुलीने हे सर्व नीट आत्मसात केले होते. तिसऱ्या कागदावर तिने कोपऱ्यात बाण काढून २ मिलिमीटर त्रिज्या लिहिली, तपासणीच्या जागी स्नेह्यांची सही घेतली, रचनेच्या जागी आपले नाव घातले आणि तो कागद वर्कशॉपमध्ये नेला. मीही मागून गेलो. तेथे लेथवर जे पोक्त टर्नर काम करतात त्यांना सर्व मुले 'अण्णा' म्हणतात. आपल्याकडेही त्यांना तेच म्हटले असते. अण्णांनी तेलकट हात चिंधीला पुसले, कागद खिडकीच्या उजेडाकडे धरला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी कपाटातून ६२०८ बेअरिंग काढून तिच्या तळहातावर ठेवले आणि आतल्या कड्याच्या काठावरून अंगठा फिरवावयास सांगितले. काठ गोल होता, पण जेमतेम. कोष्टकात त्याची गोलाई १.१ मिलिमीटर दिलेली आहे. कोपऱ्यात २ मिलिमीटरची गोलाई ठेवली तर बेअरिंग तिच्यावर चढून बसेल, खांद्याला टेकणारच नाही, आणि तिरपे राहून काही महिन्यांत जाईल.

स्नेह्यांनी ते आधीच पाहिले होते का, असे मी त्यांना नंतर विचारले. नाही, असे त्यांनी सरळ सांगितले. सही करताना ते त्यांच्या नजरेतून सुटले होते, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी ते वर्गापुढेही सांगितले. शाफ्टला मोठी त्रिज्या हवी, बेअरिंगला लहान. मुलीने तेथेच अण्णांच्या बाकावर कागद पसरला, डेटा बुक उघडले, त्रिज्या एक मिलिमीटर धरून शाफ्टच्या आयुष्याचा हिशेब पुन्हा केला आणि धातू एक प्रत वर नेला. अण्णा लेथ बंद करून शेजारी उभे होते. तिने २ वर काट मारून १ लिहिले, तारीख बदलली, आणि खालच्या चौकटीत आपल्या नावाच्या खाली, जेथे कोणतीही जागा ठेवलेली नव्हती तेथे, तमिळात अण्णांचे नाव लिहिले.